गप्प बसणारं टर्मिनल

माझी ताई ऑफिसातले सर्व्हर सांभाळते आणि तिला शिकवायची कुणाची टाप नाही. दृष्टी गेली तेव्हाही ती खचली नाही, वैतागली. वैतागली ती टर्मिनलवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ज्या खिडकीत आज्ञा टाइप करायची आणि खाली उत्तर वाचायचं तिच्यावर. स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज तिथे पार गडबडायचा. एक ओळ विचारली की मागचं सगळं रामायण पहिल्यापासून ऐकवायचा.

कामं रखडायला लागली. शेवटी तिचे साहेब म्हणाले, "सोमवारी एक बिघाड दुरुस्त करून दाखवा. नाही जमलं तर फोन घ्यायच्या टेबलावर बसा."

फोन! माझी ताई! माझं डोकंच फिरलं. मी प्रोग्रामर आहे, नुसती बघत बसणार होते की काय? घेतलं नवं टर्मिनल लिहायला. प्रत्येक आज्ञा आणि तिचं उत्तर, असा एकेक कप्पा केला. एक बटण दाबलं की मागचा कप्पा, दुसरं दाबलं की पुढचा. रामायण बंद!

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ताईला बसवलं. तिने एक फाइल हलवली. टर्मिनल बोललं, "आज्ञा मिळाली. काम सुरू आहे. काम झालं. शाब्बास!"

ताईची बोटं थांबली. "हे शाब्बास कुणाला?"

"तुला. म्हणजे कळावं की..."

"अगं बाई, काम झालं की टर्मिनल गप्प बसतं. बिघडलं तरच बोलतं. आपल्या धंद्यात असंच असतं, तुला काय ठाऊक नाही? माझे डोळे गेलेत, अक्कल नाही!"

अस्सा राग आला मला! एवढी मरमर केली त्याचं हे बक्षीस? दोन भांडी आपटली, मग लॅपटॉप ओढला. कोड वाचता वाचता माझंच तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या कुणासाठी लिहिलं असतं तर एक तरी शाब्बास घातलं असतं का मी? सगळी बडबड उडवली. चुकलं की 'टक्' आणि काय चुकलं ते सांगणारी एक ओळ, बस्स.

सोमवारी मीही गेले, टर्मिनल बसवून द्यायला. साहेबांनी एक सर्व्हर मुद्दाम बंद पाडला होता. ताईने आज्ञा दिली. टक्. काय चुकलं ते तिने ऐकलं, एक कप्पा मागे गेली, हवं तेवढंच ऐकलं, दुरुस्ती केली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. स्पीकर गप्प.

"अडकलं वाटतं," साहेब हळूच म्हणाले.

"अडकलं असतं तर बोललं असतं. तुमच्या मशीनवर बघा की."

साहेबांनी बघितलं. सर्व्हर ठणठणीत चालू. "फोनसाठी दुसरं कुणीतरी शोधायला हवं," ते म्हणाले आणि हसतच बाहेर गेले.

मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. मी कसंबसं नाक ओढलं.

ताईने मान न वळवताच पुढची आज्ञा टाइप केली. "बाहेर जाऊन रड," ती म्हणाली. "इथे मला ऐकू यायला हवं."