कडुबांचा आकडा

"शून्य," कडुबा म्हणाले आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

शून्य ते दहा, दुखणं किती, हे मंजुषा सिस्टर दर चार तासांनी विचारत होत्या. बायपासला दोन दिवस झाले तरी पिशोरच्या या म्हाताऱ्याचं उत्तर काही केल्या बदलत नव्हतं. वॉर्डात नवी पद्धत आली होती. मॉर्फिन जमेल तितकं कमी. त्याऐवजी छातीच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन आणि वेळच्या वेळी पॅरासिटामॉल. आकडा सहाच्या वर गेला, तरच डॉक्टरांना विचारून मॉर्फिन. कडुबांच्या आकड्यांचा कागद सिस्टर कौतुकानं सगळ्यांना दाखवायच्या. वीस वर्षांच्या नोकरीत इतका गुणी पेशंट त्यांना भेटला नव्हता.

आज मात्र त्यांचा ऑक्सिजन चौऱ्याण्णववरून एकोणनव्वदवर उतरला होता.

"बाबा, उशी छातीशी धरा आणि खोकून दाखवा."

कडुबांनी उशी धरली, पण खोकला काही निघेना. श्वास गळ्यापर्यंत येऊन परत फिरत होता. कफ असाच साचला तर पुन्हा श्वासाच्या मशीनवर घ्यावं लागणार होतं.

"मामा लई खंबीर हायेत," उशाशी बसलेला सुदर्शन म्हणाला. हा थोरला जावई दोन दिवस जागचा हलला नव्हता. "हूं का चूं नाय केलं."

कडुबा जावयाकडेच बघत होते आणि कपाळावरून घाम ओघळत होता. सिस्टरांना स्वतःचीच लाज वाटली. ज्याच्यासमोर हा माणूस कधी नुसत्या बनियनवर बसला नसेल, त्या जावयासमोर तो कण्हणार होता होय? आणि आपण दोन दिवस त्याच्यादेखतच विचारत बसलो.

"दादा, खालून जरा चहा आणता का?"

सुदर्शन गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं.

"नऊ," कडुबा पुटपुटले. "परवापसून नऊच हाय, बाई. पाव्हण्यांम्होरं कसं सांगावं?"

सिस्टरांनी लगेच फोन लावून मॉर्फिनचं विचारलं. "कमी म्हणजे बंद नाही हो," डॉक्टर पद्मजा फोनवर म्हणाल्या. "थोडंसं द्या, लक्ष ठेवा. मी येतेच."

सिस्टरांनी औषध हळूहळू सोडलं आणि त्या श्वास मोजत बसल्या. काही वेळानं कडुबांनी उशी आवळली. खोकला आला, कफ सुटला, आणि पाठोपाठ दोन दिवसांचं कोंडलेलं "आई गं" बाहेर पडलं.

दारात चहा घेऊन सुदर्शन उभा होता. कडुबांचे डोळे मिटलेले होते. तो आत आला नाही. त्यानं दार अलगद ओढून घेतलं.

"मामा झोपलेत, मामी," बाहेर तो सासूला सांगत होता. "आपण बसू इथंच."