हवेच्या पाईपवरची बंदूक

मित्रांनो, बंदूक म्हटल्यावर दचकू नका. यात्रेत फळीवर रंगीत फुगे लावलेलं दुकान तुम्ही पाहिलं असेल. लोक नेम धरतात, फुगा फुटला की हसतात. त्या दुकानातली छर्ऱ्याची बंदूक म्हणजे मी. आता म्हातारी झाले आहे. मुकुंदवाडीतल्या एका खोलीत खुंटीला टांगलेली असते. माझ्या दस्त्याच्या मागून एक रबरी पाईप बाहेर आलेला आहे आणि त्याला भेगा पडल्या आहेत. बंदुकीला पाईप कशाला, असं येणारे जाणारे विचारतात. त्याचं उत्तर मला द्यायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. लोखंडाच्या कांबीला लांब भोक पाडून माझी नळी केली, लाकडी दस्ता बसवला आणि पोटात एक जाड स्प्रिंग घातली, एवढं आठवतं. ती स्प्रिंग म्हणजे माझी सगळी ताकद. नळी मधून मोडली की स्प्रिंग आत दाबली जायची. छर्रा ठेवायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. स्प्रिंग सुटायची, पोटातली हवा पुढं धावायची आणि छर्रा घेऊन जायची.

देवगाव रंगारीच्या मुंजाबानं मला विकत घेतलं. त्याची मेंढरं एका वर्षी रोगानं गेली. राहिली ती विकून त्यानं फुग्यांचं दुकान थाटलं. अजिंठ्याचा बाजार, खुलताबादचा उरूस, कर्णपुऱ्याची नवरात्रातली यात्रा, सगळीकडं आम्ही जायचो. मुंजाबा थकला तेव्हा दुकान त्याच्या लेकीकडं, मंजुळाबाईकडं आलं. तिचं लग्न झालं तेव्हा मीही तिच्याबरोबर सासरी आले.

तिचा नवरा केरबा करमाडकडचा. तोही मेंढपाळाच्या घरातला, पण मेंढरं सोडून चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर झाला होता. शेतं जाऊन तिथं नवीन कारखाने उभे राहत होते आणि हाताला काम होतं. मुकुंदवाडीच्या खोलीत दोघंच राहायची. केरबा आठवडाभर कारखान्यात, मंजुळाबाई यात्रेच्या दिवसांत दुकानात.

मंजुळाबाईची जीभ माझ्या छर्ऱ्यापेक्षा वेगानं चालायची. एखाद्या नव्या नवरदेवाचा नेम चुकला की ती म्हणायची, "काय दाजी, एक डोळा मिटायला सांगितला तर दोन्ही मिटले? बायको पसंत करताना तरी उघडे व्हते का?" नवरी पदराआड हसायची आणि नवरदेव पुन्हा बंदूक मागायचा. खुलताबादच्या उरुसात एक पोरगा म्हणाला, "खाला, तुम्हारी बंदूक टेढी है." ती लगेच म्हणाली, "बंदूक सीधी है बेटा, तेरी गर्दन टेढी है." लोक फुगे फोडायला कमी आणि तिचं बोलणं ऐकायला जास्त थांबायचे. त्या वर्षांत मला रोज तेल मिळायचं, रोज फडक्यानं पुसलं जायचं. मी सुखी होते.

मग तिचं बोलणं कमी होत गेलं. आधी टोमणे छोटे झाले. मग नुसतं "घ्या" आणि "चुकला" एवढंच राहिलं. माझी नळी मोडली की ती थोडी थांबायची, एक हात छातीशी न्यायची आणि मग छर्रा ठेवायची. लोक म्हणाले, वयानं शांत झाली. तिचं वय तेव्हा तिशीच्या आसपास होतं.

केरबानं एकदा विचारलं, "काय गं, धाप लागती का?"

"मला काय धाड भरलीय? ही बयाच लई ताठ झालीय. नळी मोडता मोडंना."

"दवाखान्यात दाखवू का?"

"यात्रा हू द्या आधी."

मित्रांनो, मी ताठ झाले नव्हते. उलट माझी स्प्रिंग दर वर्षी सैल होत होती. दर वर्षी मी हलकी होत गेले आणि दर वर्षी तिला मी जड वाटत गेले. हे फक्त मला ठाऊक होतं. मला फुगा फोडता येत होता, बोलता येत नव्हतं. यात्रा झाली, दुसरी यात्रा आली. अशा तीन यात्रा गेल्या. रात्री ती आडवी न होता भिंतीला टेकून झोपू लागली होती.

केरबा वाईट माणूस नव्हता. त्याचा तिच्यावर फार जीव होता. पण तो फिटर होता. काही बिघडलं की हातातली वस्तू खोलून बघायची, एवढं त्याला येत होतं. कारखान्यात हवेची लाईन होती. कंप्रेसरच्या टाकीत हवा कोंडायची आणि पाईपमधून यंत्रापर्यंत न्यायची. ते बघून त्याच्या मनात आलं, बंदुकीला बाहेरून हवा दिली तर स्प्रिंग नको, नळी मोडायला नको, बायकोला कष्ट नको. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या जून महिन्यात तो मला पोत्यात गुंडाळून कारखान्यात घेऊन गेला.

तिथं सांडू होता. हवेच्या लाईनचं काम त्याच्याइतकं कुणाला येत नव्हतं. दोघंही करमाडच्या बाजूचे, पण सांडू दलित वस्तीतला. कारखान्यात दोघांची चांगली दोस्ती होती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला खोललं. सांडूनं माझी स्प्रिंग बोटांत धरून दाबली.

"केरबा, ही तर बसलीय रे. लहान लेकरू दाबील हिला."

"जुनी हाय ती."

"तेच म्हणतोय. एवढी ढिली स्प्रिंग दाबताना वैनीला धाप लागती, तर दोष स्प्रिंगचा नाय. बंदूक ठिव बाजूला आन् वैनीला घाटीच्या सरकारी दवाखान्यात दाखव."

केरबाचा चेहरा उतरला. त्यानं स्प्रिंग सांडूच्या हातातून काढून घेतली. मग म्हणाला, "तू डॉक्टर कधी झालास? तू वॉल्व्हचं बघ."

सांडूनं मान खाली घालून वॉल्व्ह घासायला घेतला.

जुलै संपता संपता विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलितांची घरं जाळली. सांडूच्या गावातही जाळली. त्याची आई दोन गोधड्या घेऊन शहरात आली. कारखान्यातल्या लोकांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं. जेवणाच्या सुट्टीत चहा प्यायला दोन वेगळ्या जागा झाल्या. मी अजून तिथंच फडताळात होते, मला दोन्ही दिसायच्या. केरबा सांडूला वाईट बोलला नाही. पण त्याच्याजवळ जाऊन बसलाही नाही, आणि त्याच्या आईचं काय झालं हेही त्यानं विचारलं नाही. माझं राहिलेलं काम त्यानं एकट्यानंच केलं. मंजुळाबाईच्या दुखण्याबद्दल खरं बोललेला एकच माणूस होता. त्याच्याशीच बोलणं तुटलं.

लोक पुढं म्हणाले की दंगलीमुळं, कर्फ्यूमुळं तिला दवाखाना मिळाला नाही. हे खरं नाही. कर्फ्यू थोडे दिवस होता. त्याआधी तीन वर्षं आणि त्यानंतर दोन महिने घाटीचं दार उघडंच होतं.

ऑक्टोबरात नवरात्र बसलं. केरबानं एका पंक्चरवाल्याकडून जुना कंप्रेसर आणला आणि दुकानामागं ठेवला. तिथून पाईप माझ्या दस्त्यापर्यंत आला. आता छर्रा ठेवायचा आणि चाप ओढायचा, बास. कर्णपुऱ्यात माझी चर्चा झाली. "पाईपवाली बंदूक कुठं हाय?" असं विचारत लोक यायचे. शेजारची पाळणेवाली वच्छलाबाई म्हणाली, "मंजुळे, नवरा लई हुशार गं तुझा. आमच्या येड्याला खिळा ठोकता येत नाय." मंजुळाबाई हसली. केरबाची छाती फुगली. तो तिला म्हणाला, "आता तू नुसती बस."

ती नुसती बसली. कंप्रेसर दिवसभर धडधडत राहिला. त्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. तिच्या मांडीवर मी असायचे. तिचं सगळं अंग दम घेताना हलायचं आणि तिच्याबरोबर मी हलायचे.

सातव्या माळेच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, यात्रेतली लाईट गेली. कंप्रेसर बंद पडला. एकदम शांत झालं. त्या शांततेत बारीक सूं सूं आवाज येऊ लागला.

रांगेतलं एक ओळखीचं गिऱ्हाईक ओरडलं, "आता का बंद पाडली? नंबर माझा हाय."

"थांबा, अप्पाराव. टाकीत हवा हाय अजून, पण कुठनं तरी लिक व्हतीय," केरबा म्हणाला.

फिटरला तसा आवाज ऐकू आला की तो गळती शोधतो. केरबानं वाटीत साबणाचा फेस केला. टाकीच्या जोडाला लावला. बुडबुडा आला नाही. पाईपच्या पहिल्या जोडाला लावला. आला नाही. पाईप हातात धरून, कान लावत, तो एकेक वीत पुढं सरकत राहिला. आवाज मोठा होत होता. सरकत सरकत तो माझ्यापर्यंत आला. माझ्या वॉल्व्हला त्यानं फेस लावला. फेस तसाच राहिला.

मंजुळाबाईनं विचारलं, "आवो, काय शोधताय?"

"हवा जातीय कुठनं तरी."

तिला कळलं. तिनं तोंड घट्ट मिटलं. आवाज थांबला. केरबानं वर बघितलं. तिला श्वास जास्त वेळ रोखता आला नाही. आवाज पुन्हा आला, पहिल्यापेक्षा मोठा. तिचे ओठ निळसर झाले होते आणि पाय सुजून जोडवी बोटांत रुतली होती. ते आधीपासूनच तसे होते. त्यानं आज बघितले.

"मंजुळा, हे कवापासून?"

"तुमी बंदूक नीट करत व्हता ना," ती तुटक तुटक म्हणाली. "मला वाटलं... हुईल नीट."

त्यानं वाटी खाली ठेवली. तिला उचलून रिक्षात घातलं. फुगे तसेच फळीवर राहिले. वच्छलाबाईनं मला पोत्यात गुंडाळून खोलीवर पोचवलं.

मंजुळाबाई खोलीवर परत आली नाही. एकोणिसाव्या दिवशी घाटीतच वारली.

दहाव्यानंतर सांडू आला. दंगलीनंतर तो पहिल्यांदाच त्या खोलीत आला होता. मग केरबा म्हणाला, "डॉक्टरीण म्हणली, हृदयाचं दुखणं जुनं व्हतं. ल्हानपणी ताप यिऊन सांधे सुजले असतील, तवापासून. तीन वर्षं आधी आणलं असतं तर इलाज व्हता. तू म्हणला व्हतास, सांडू."

सांडू म्हणाला, "मी एकदाच म्हणलो. दुसऱ्यांदा म्हणायला पाहिजे व्हतं."

"दुसऱ्यांदा म्हणायला मी तुला जवळ कुठं येऊ दिलं? तुझी आई कशी हाय, हे बी विचारलं नाय मी."

सांडूनं उठून स्टोव्ह पेटवला आणि दोघांसाठी चहा केला. साखरेचा डबा कुठं आहे ते केरबालाही ठाऊक नव्हतं. दोघांनी बिनसाखरेचा प्यायला.

त्यानंतर केरबानं मला हातात घेतलं नाही. वाळूजला मोठे कारखाने आले, तो तिकडं लागला. सोळा वर्षांनी विद्यापीठाला नाव लागलं. सांडू पेढे घेऊन आला. केरबानं पेढा खाल्ला आणि म्हणाला, "लई वर्षं लागली रे." माझ्या नळीत गंज चढला, पाईप तडकला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला तेल घाला. मी तसं म्हणणार नाही. मला गंजू द्या. तुमच्या घरात कुणी घागर उचलताना थांबत असेल, कुणी बसून झोपत असेल, कुणाचं बोलणं उगाच कमी झालं असेल, तर घागर बदलू नका. त्या माणसाजवळ बसा. घरातले आवाज बंद करा आणि त्याचा श्वास ऐका. शंका आली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तो नको म्हणेल. सण होऊ द्या म्हणेल, यात्रा होऊ द्या म्हणेल. ऐकू नका. मंजुळाबाईचं आम्ही ऐकलं.