ऑइलचा काटा

माझ्या जीपमध्ये चार काटे आहेत. वेगाचा काटा सहा वर्षांपूर्वी मेला, डिझेलचा मनाला येईल ते सांगतो, आणि गरमीचा बघायला मला चष्मा शोधावा लागतो. भरवशाचा एकच, ऑइलचा. इंजिनात तेल नीट दाबानं फिरतंय का, ते तो दाखवतो. आमचे हे नागापूरच्या कंपनीत लागले तेव्हा त्यांनी जीप माझ्या ताब्यात दिली आणि एवढंच शिकवलं, "बाकीचं काय बी बिघडू दे. पण हा काटा खाली बसला की गाडी तिथंच बंद. पुढं रेटली तर इंजिन गेलंच म्हणून समज."

तेव्हापासून अकरा वर्षं मी वस्त्यांवरून दुधाच्या किटल्या गोळा करून गावच्या डेअरीत पोचवते. गाडी चालवणारी बाई म्हणून सुरुवातीला लोक हसले, मग सवय झाली. मला मात्र आपलं कौतुक जरा जास्तच राहिलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दसरा होऊन सहा दिवस झाले होते. सकाळी भरल्या किटल्या घेऊन डेअरीचा चढ चढत होते. माथ्यावरच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि ऑइलचा काटा धपकन शून्यावर बसला. मी लगेच इंजिन बंद केलं. पुढं उतारच होता, गाडी आपसूक घरंगळत डेअरीच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. इतकं शहाणपणानं वागल्यावर माणसाला चेव येतोच.

आणि आदल्याच संध्याकाळी अजिनाथनं माझ्या गाडीचं ऑइल बदललं होतं. त्याचं गॅरेज डेअरीच्या समोरच, रस्त्यापलीकडं. आमच्या यांच्या हाताखाली क्रिकेट खेळलेला पोरगा, आता चाळिशीचा झालाय. त्या वेळी तो आपल्या एका गाईचं दूध घेऊन रांगेतच उभा होता.

"अजिनाथ," मी गाडीतूनच हाक मारली, "काल काय ओतलंस रे माझ्या इंजिनात?"

"ऑइल, वहिनी. का वो?"

"कसलं ऑइल?"

"तुमच्यासमोरच तर नवा कॅन उघडला."

"उघडलास माझ्यासमोर. ओतलंस कुठलं, ते बघायला मी काय तुझ्या डोक्यावर बसले नव्हते. रात्रीत काटा शून्यावर आलाय! कुणाच्या गाडीतलं काढलेलं काळं तेल घातलंस?"

रांगेत उभ्या रंभाजीतात्यांना एवढंच पाहिजे होतं. "तरीच! तरीच माझा ट्रॅक्टर दिवाळीच्या आधीच धूर सोडायला लागलाय."

लोक हसले. अजिनाथ हसला नाही. त्याचे कान लाल झाले. खिडकीत बसून दुधाचं फॅट मोजणारे चेअरमन काकासाहेब मान बाहेर काढून ऐकत होते. डेअरीच्या तिन्ही टेम्पोंचं वर्षभराचं दुरुस्तीचं काम अजिनाथला द्यायचं की श्रीगोंद्याच्या कुणाला, हे त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संचालकांच्या बैठकीत ठरणार होतं. सगळ्या गावाला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. ते माहीत असूनच मी ओरडत होते, हे लिहिताना आजही हात अडखळतो.

"बघू द्या," अजिनाथ म्हणाला. त्यानं दुधाची किटली बाजूला ठेवली, बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढून फडक्यानं पुसली, परत घातली, परत काढली. तेल खुणेपर्यंत होतं. मधासारखं स्वच्छ. मला दाखवलं.

"तेल आहे, मान्य," मी म्हणाले. "पण दाब कुठाय? पाण्यासारखं पातळ असंल."

तो अवजारं आणायला गॅरेजात गेला. तेवढ्यात मी दूध उत्पादकांच्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज टाकला. एकशे चौदा माणसं आहेत त्यात. "सर्वांना विनंती, अजिनाथकडं ऑइल बदलताना स्वतः उभं राहून बघा. माझ्या गाडीचं काय झालं ते आज सगळ्यांनी पाहिलंच आहे." आवाज ठणठणीत होता माझा. बातम्या दिल्यासारखा.

मीटर शोधून तो परत आला तोवर माझ्या किटल्या उतरल्या होत्या, रांग संपली होती, माणसं आपापल्या वाटेनं गेली होती. ऐकायला सगळे होते, बघायला मी एकटी उरले.

अजिनाथ वाकून इंजिनाच्या बाजूला हात घालत होता. तिथं एक छोटा सेंसर असतो, तेलाचा दाब तो मोजतो आणि एका वायरीनं काट्याला कळवतो. वायर तिथं नव्हतीच. सुटून खाली लोंबत होती. अजिनाथनं मला किल्ली फिरवायला लावली, इंजिन चालू न करता, आणि वायरीचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. शून्यावर मेलेला काटा ताडकन दुसऱ्या टोकाला गेला.

"काटा चांगला हाय. वायर बी चांगली हाय," तो म्हणाला. मग त्यानं सेंसर खोलला, त्या जागी हातातलं वेगळं मीटर बसवलं आणि इंजिन चालू करायला सांगितलं. मीटरचा काटा वर चढला आणि ठाम उभा राहिला. "साडेतीन किलो दाब. नव्या गाडीला बी एवढाच असतोय."

म्हणजे तेल चांगलं, दाब चांगला, इंजिन चांगलं. मग वायर निघाली कशी, ते बघायला मीही खाली वाकले, आणि तिथं मला सुतळी दिसली.

वायरीला सुतळी बांधलेली होती. दसऱ्याच्या हाराची. दसऱ्याला मी जीप शांपू लावून धुतली होती आणि बॉनेटवर झेंडूचा असा जाडजूड हार घातला होता की रंभाजीतात्या म्हणाले होते, नवरी हाय का गाडी? हार घसरू नये म्हणून सुतळीचं टोक मी बॉनेटच्या फटीतून आत घातलं आणि हाताला जे पहिलं लागलं त्याला बांधून टाकलं. हार वाळून कुरकुरीत झाला तरी काढला नव्हता; सुतळी ढिली होती, म्हणून काल बॉनेट उघडलं तरी काही ओढलं गेलं नव्हतं. सकाळच्या खड्ड्यात तो खाली पडला आणि पडताना त्यानं वायर जागेवरून उपटली; तुटलेली सुतळी गाठीसकट वायरीवरच राहिली.

दुसऱ्या कुणी बांधलं असेल असं म्हणायलाही जागा नव्हती. दोन वेढे आणि वर सरकफास, तोही उलट्या बाजूनं. मी डावरी आहे. माझ्या गोठ्यातली सगळी वासरं त्याच गाठीनं बांधलेली असतात, आणि अजिनाथनं ती लहानपणापासून पाहिलीत.

त्यानं गाठीकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं खिशातली पकड काढून सुतळी तोडली, गोळा करून शर्टाच्या खिशात टाकली आणि मीटर काढून सेंसर आणि वायर जागेवर बसवली.

"खड्ड्यानं वायर निघाली हुती," तो म्हणाला. "झालं, वहिनी. जावा."

एवढंच. एखादा टोमणा मारला असता तर मी भांडले असते आणि भांडून मोकळी झाले असते. त्यानं माझी लाज झाकली, आणि त्याची बदनामी तिकडं एकशे चौदा मोबाईलमध्ये पसरत होती. मी "बरं" म्हणाले. खरंच, "बरं" म्हणाले आणि गाडी काढली.

घरी येऊन आधी मेसेज पुसायला गेले. घाईत भलतंच बटण दाबलं. तो फक्त माझ्या मोबाईलमधून गेला, बाकी सगळ्यांकडं तसाच राहिला. खाली अंगठ्यांवर अंगठे येत होते. रंभाजीतात्यांनी लिहिलं होतं, मला आधीपासूनच शंका होती.

आमचे हे रात्रपाळी करून आलेले, भाकरी खात होते. त्यांना सगळं सांगितलं.

"अजिनाथ काय बोलला का?"

"नाही."

"मग झालं की. कुनाला कळनार हाय?"

"त्याला कळलंय ना," मी म्हणाले. भाकरी तव्यावर करपली तेव्हा भानावर आले.

पाचला डेअरीत गेले. बैठक बाहेरच्या ओट्यावर चालली होती, पाच संचालक आणि दाराशी फुकट ऐकणारे सात-आठ, त्यात रंभाजीतात्या. समोर रस्त्यापलीकडं अजिनाथ कुणाच्या तरी मोटरसायकलचं चाक खोलत बसला होता. त्याला बोलावलंच नव्हतं.

"काकासाहेब, मला बोलायचंय."

"ताई, तुमचं सकाळीच ऐकलं. म्हणून तर आमी श्रीगोंद्याला फोन लावतोय."

"लावू नका. चूक माझी होती." मग सांगितलं, हार, सुतळी, गाठ, सगळं. दाराशी उभे असलेले हसत सुटले. रंभाजीतात्या म्हणाले, "म्हंजे गाडीला वासरागत बांधून ठेवलं व्हय?" मी म्हणाले, "हो, तात्या. आणि तुमच्या ट्रॅक्टरचा धूर तुमच्याच वयाचा आहे, त्याच्या नावावर घालू नका."

काकासाहेब हसले नाहीत. "हे आमी ऐकलं, ताई. ग्रुपवरच्या बाकीच्यांचं काय?"

मी मोबाईल काढला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, बटण दाबून धरलं. सकाळचा ठणठणीत आवाज काही केल्या निघेना. "अजिनाथनं नवीन, चांगलं ऑइल घातलं होतं. वायर मीच बांधलेल्या सुतळीनं निघाली. सकाळी मी खोटं बोलले." खोटं नव्हे, चुकीचं, असं म्हणायचं ठरवून आले होते. तोंडातून खोटंच आलं, आणि तेच बरोबर होतं.

ओट्यावर मोबाईल वाजले. मग रस्त्यापलीकडं एक वाजला. माझाच आवाज तिकडून, पत्र्याच्या शेडमधून मला ऐकू आला. अजिनाथनं तो शेवटपर्यंत ऐकला. मान वर केली नाही. चाक बसवून झालं, हात पुसले, आणि मग रस्ता ओलांडून आला.

"उद्या ड्रायव्हर एक टेम्पो घेऊन येईल तुझ्याकडं," काकासाहेब त्याच्याकडं न बघता म्हणाले. "एकाचं काम बघू, मग बाकीच्यांचं ठरवू."

एकच टेम्पो. सकाळी मी बोलले नसते तर तिन्ही मिळाले असते. अजिनाथनं मान हलवली. मग माझ्यापुढं येऊन त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला आणि सुतळीचा तो तुकडा, गाठीसकट, माझ्या हातावर ठेवला.

"पुढच्या दसऱ्याला हार आरशाला बांधा, वहिनी," तो म्हणाला. "आनि बांधताना मला बोलवा. मी उभा राहून बघतो."