वळणावर हात सुटला तेव्हा

दचकू नका, मी जिना बोलतोय. आज माझ्या पायऱ्या दगडाच्या आहेत आणि कठडा लाकडाचा. पण जन्म झाला तो संगणकाच्या पडद्यावर, नुसत्या रेघांचा.

माझी जन्मदाती आर्किटेक्ट. घरं रचायच्या तिच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार जिने पैशाला पासरी! पण हे घर अरुंद, त्यात एका बाजूला तिरकं. तयार जिना बसवला, तर चढणाऱ्याचं डोकं तुळईवर आपटलंच म्हणून समजा. "जा बाबा तू," म्हणत तिने तो पुसला आणि मला एकेक पायरी करून, मधे एक वळण देऊन काढलं. तिचे उपकार कसे फेडू?

कठडा मात्र तिने सॉफ्टवेअरवर सोपवला. एक बटण दाबलं, कठडा हजर. समोरून मी असा रुबाबदार दिसत होतो, की दृष्ट लागावी. साहजिकच थोडा शेफारलो.

दुसऱ्या दिवशी घरमालक मला पडद्यावर बघायला आला, सोबत त्याचे वडील. त्यांनी जन्मभर शिंपीकाम केलेलं. दोन वर्षांपूर्वी नजर गेली. त्यांची खोली वरच्या मजल्यावर होणार होती आणि तिथे कोणाचाही हात न धरता जायचं, हा त्यांचा हट्ट.

"बाबा, काय झकास दिसतोय जिना!" मुलगा म्हणाला.

"तुला दिसतोय रे. मला एवढंच सांगा, वळणावर माझा हात कुठे जातो?"

आर्किटेक्टने मला फिरवून वरून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. खालचा कठडा वळणावर संपत होता, वरचा वीतभर पुढे सुरू होत होता. मधे नुसती हवा.

"सुटतो, काका."

"म्हणजे शिवण उसवली म्हणायची."

"उसवली कुठली! मी घातलीच नव्हती."

म्हातारबुवा खो खो हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने तो कठडा काढून टाकला. काकांना उभं करून त्यांचा हात सहज किती उंचीवर पडतो ते टेपने मोजलं. मग खालपासून वरपर्यंत एकच सलग रेघ स्वतः ओढली. वर पोहोचल्यावर ती थोडी सपाट पुढे नेली, जिना संपला हे हाताला आधी कळावं म्हणून. सुतारानेही ती रेघ लाकडात जशीच्या तशी उतरवली. देव त्याचं भलं करो.

राहायला आले त्या दिवशी बाबा कठडा धरून चढू लागले. मागे मुलगा, दोन्ही हात पसरून, श्वास रोखून. वळण आलं. हात सुटला नाही. वर पोहोचून बाबा थांबले.

"मागे कोण आहे?"

"मी."

"मग तू खाली जा. मला एकट्याने यायचं होतं."

मुलगा उतरला. बाबाही उतरले आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा चढले. त्या दिवशी मी भरून पावलो.

बराच वेळ बोललो. आता जरा बाजूला व्हा, बाबांची उतरायची वेळ झाली. आणि हो, मदतीला हात पुढे करू नका, रागावतात.