एका माणसाचा पास

महमूदनं लांब डिसमिसचं टोक इंजिनाला टेकवलं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाशी दाबून धरली आणि डोळे मिटले. वर्कशॉपमध्ये पाच गाड्या चालू होत्या, पलीकडे कुणी पत्रा ठोकत होतं. पण मुठीतून येणारा आवाज या साऱ्या गोंगाटाच्या खालून सरळ त्याच्या कवटीत शिरत होता. त्यानं टोक दोन बोटं डावीकडे सरकवलं आणि पुन्हा ऐकलं.

"चौथ्या सिलिंडरचं बेअरिंग," तो शेजारच्या पांडुरंगला म्हणाला. "तेवढंच खोल. बाकी कशाला हात लावू नको."

"कॉम्प्युटर तर काहीच दाखवत नाही."

"त्याला कान कुठं आहेत?"

पांडुरंग हसला. तेवढ्यात काचेच्या केबिनमधून हाक आली. महमूदला फोन होता, वर्तकसाहेबांच्या घरून. हात पुसत तो आत गेला.

"महमूदभाई, आज इटलीची शर्यत ना?" हेमावहिनी विचारत होत्या. "तुम्ही येताय ना?"

"सदाभाऊ नाहीत, म्हणून म्हटलं आज राहू दे."

"ते नाहीत म्हणून टीव्ही थोडाच बंद आहे? जुबैदाभाभींनाही आणा. मी वडे करतेय." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "नक्की या हं. नक्की."

सदानंद वर्तक वर्कशॉपचा मॅनेजर, पुण्याचा इंजिनिअर. महमूद परकार म्हसळ्याचा, वर्कशॉपमधला सर्वांत जुना मेकॅनिक. इथं आखातात दोघांच्या पगारांत आणि घरांत बरंच अंतर होतं, पण जुफैरच्या फ्लॅटवर सदानंदनं डिश बसवली त्या वर्षापासून, म्हणजे सात हंगाम, मोटारींच्या शर्यतीचा एकही रविवार त्यांनी एकमेकांशिवाय काढला नव्हता. रविवार कामाचाच वार. पण दुपारी साडेबारा ते चार वर्कशॉप बंद असे, आणि युरोपातल्या शर्यती नेमक्या तीनच्या सुमारास सुरू होत. चारनंतर तासभर उशीर झाला तर विचारणारा मॅनेजर शेजारीच सोफ्यावर बसलेला असे. गुणांचा हिशोब, नियम, ड्रायव्हरांची भांडणं हे सगळं सदानंदला पाठ. महमूद फक्त ऐकायचा. कुठली गाडी थकली आहे, कुणाचा गिअर नीट पडत नाही, हे तो आधी सांगायचा आणि चार-सहा फेऱ्यांत ते खरं ठरायचं.

म्हणूनच मार्चमध्ये ते पत्रक आलं तेव्हा सदानंद ते घेऊन केबिनमधून जवळजवळ धावत आला होता. वर्कशॉपला ऑइल पुरवणारी कंपनी त्या वर्षी शर्यतीतल्या हिरव्या गाड्यांच्या संघालाही ऑइल देत होती. आखातातल्या सगळ्या वर्कशॉपमधून एका माणसाला ती इटलीला नेणार होती. तीन दिवस, संघाच्या गॅरेजमध्ये, इंजिनवाल्या मेकॅनिकांच्या बरोबर. पास एकाच माणसाचा. आजवर पकडलेला सगळ्यात अवघड बिघाड कसा पकडला, ते इंग्रजीत लिहून पाठवायचं.

"हे तुमच्यासाठीच आहे, महमूदभाई," सदानंद म्हणाला होता.

महमूदला इंग्रजी बोलून वेळ मारून नेता येई, लिहिता येत नसे. तीन दुपारी तो सांगत गेला आणि सदानंद लिहीत गेला. बुसैतीनच्या एका म्हाताऱ्या नाखव्याच्या बोटीचं इंजिन तीन ठिकाणच्या मेकॅनिकांनी भंगारात काढायला सांगितलं होतं. महमूद एक अख्खा दिवस त्या बोटीच्या पोटात आडवा पडून होता, आणि संध्याकाळी दोष सापडला तो इंजिनात नव्हताच. त्याखालच्या लाकडात होता. हे ऐकायला कुणी शिकवलं, असं सदानंदनं विचारलं तेव्हा महमूदनं अब्बांचं सांगितलं. अब्बा दिघीच्या लाँचवर ड्रायव्हर होते. लहान महमूदचा कान ते लाँचच्या फळीला लावत आणि विचारत, "काय बोलतंय?"

जुलैत सदानंद मान हलवत आला. "नाही हो. दुबईच्या कुणाला दिला." त्याचा चेहरा इतका पडला होता की महमूदनंच त्याची समजूत घातली.

आणि गेल्या आठवड्यात सदानंद आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेला. महमूदचं घर विमानतळापासून दहा मिनिटांवर, त्यामुळे पोचवायला आणि आणायला नेहमी तोच. या खेपेला मात्र सदानंद नको म्हणाला. फ्लाइट आडवेळी आहे, कशाला त्रास.

महमूद आणि जुबैदा पोचले तेव्हा गाड्या सुटायच्या बेतात होत्या. जुबैदा सरळ स्वयंपाकघरात गेली. महमूद सोफ्याच्या आपल्या टोकाला बसला. दुसरं टोक त्यानं सवयीनं मोकळं ठेवलं.

हंगामातल्या चार शर्यती उरल्या होत्या, आणि हिरव्या गाडीतला लिंडक्विस्ट नावाचा स्वीडिश पोरगा गुणांत दोनानं पुढं होता. तो सुरुवातीपासून आघाडीवर राहिला. झाडांमधून जाणाऱ्या लांब सरळ रस्त्यावर गाडी अशी जाई की कॅमेरा मागं पडे. तिसाव्या फेरीला महमूद पुढं सरकून बसला आणि त्यानं आवाज वाढवला. समालोचक लिंडक्विस्टचं कौतुक करत होता. महमूदनं त्याच्या बोलण्यापलीकडे कान लावला. गाडी पडद्यावरून गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली.

"ही नाय पुरणार," तो स्वतःशीच म्हणाला. "एक सिलिंडर मरतंय."

तीन फेऱ्यांनी गाडीमागं निळसर धुराची रेघ दिसली. समालोचकाचा सूर चढला. लिंडक्विस्ट कसाबसा पिटमध्ये आला, मेकॅनिकांनी गाडी ढकलत गॅरेजमध्ये घेतली, आणि आघाडीची गाडी बंद पडल्यामुळे कॅमेराही मागोमाग आत शिरला. पोरानं हेल्मेट काढलं नाही, तसाच बसून राहिला. कॅमेरा त्याच्यावरून सरकत मागच्या भिंतीकडे गेला. तिथं पाहुण्यांना उभं राहायला दोरी बांधली होती. दोरीपलीकडे तीन-चार माणसं होती आणि त्यांत संघाचा हिरवा शर्ट घातलेला, गळ्यात पास अडकवलेला, छातीवर हाताची घडी घालून उभा सदानंद होता.

महमूदला आधी आनंदच झाला. ओळखीचं माणूस भलत्या गावी दिसावं तसा. अरे, सदाभाऊ! एवढं त्याच्या मनात उमटलंही. मग कॅमेरा परत ड्रायव्हरकडे वळला, आणि बाकीचं सगळं त्याच्या लक्षात आलं.

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. मग अगदी बंद केला. पडद्यावर गाड्या नुसत्या फिरत राहिल्या.

हेमावहिनी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या.

"टीव्हीवर दिसतील असं वाटलं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "चहा देताना मीच सांगणार होते."

महमूदनं कप घेतला. हात भाजला तरी त्यानं तो खाली ठेवला नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं, वहिनी?"

"ते निघाले त्या दिवशी कळलं. बॅगेत शर्ट ठेवताना हे सापडलं." त्यांनी कपाटातून एक गुळगुळीत कागदाचं पातळ मासिक काढून त्याच्या पुढं धरलं. ऑइल कंपनीचं होतं ते. मधल्या पानावर सदानंदचा टाय लावलेला फोटो होता. "म्हणाले, कंपनीला मॅनेजर लेव्हलचाच माणूस हवा होता. म्हणाले, महमूदभाईंचा फोन आला तर डिश बिघडलीय म्हणून सांग."

आत जुबैदा कशाला तरी हसली. तिला वाटलं असावं हेमा तिथंच आहे.

महमूद पानावरची इंग्रजी अक्षरं जुळवू लागला. नाखवा हा शब्द त्याला सापडला. खाली एका ठिकाणी दिघी दिसलं. तिथं त्यानं बोट ठेवलं.

"हे काय लिवलंय?"

हेमावहिनींनी वाकून पाहिलं. वाचायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी ते आधी बरेचदा वाचलं असावं.

"माझे वडील दिघीच्या लाँचवर ड्रायव्हर होते. ऐकायला मला त्यांनी शिकवलं." त्या सरळ झाल्या. "माझे सासरे पोस्टात होते, महमूदभाई. शनिवार पेठेत."

घरी जाताना मोहरकच्या पुलावर जुबैदानं विचारलं, "येवढे गप्प का? तुमचा तो पोरगा हरला काय?"

"गाडी बंद पडली त्याची," महमूद म्हणाला.

सदानंदची लीव बुधवारपर्यंत होती, आणि बुधवारी युरोपातून येणारं विमान एकच होतं, संध्याकाळी पाचचं. महमूद साडेचारलाच जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं तीन रात्री ठरवलं होतं आणि तीनदा बदललं होतं. दार उघडलं, ट्रॉल्या येऊ लागल्या. सदानंद ट्रॉली ढकलत बाहेर आला, टॅक्सीची पाटी शोधत त्यानं मान वळवली, आणि त्याची ट्रॉली जागीच थांबली. मागून येणारी बाई त्याला वळसा घालून गेली.

"महमूदभाई."

"द्या," म्हणून महमूदनं बॅग उचलली.

गाडी पुलावर आली. डावीकडे ओहोटीचं पाणी मागं सरलं होतं.

"हेमानं सांगितलं?"

"मी बघितलं. टीव्हीवर."

सदानंदनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ऐका. तुमचं नाव घातलं असतं ना, तर ते कागद पहिल्या चाळणीतच गेले असते. हे लोक हुद्दा बघतात. म्हटलं, निदान आपल्या वर्कशॉपला तरी... मी सांगणारच होतो तुम्हाला. परत आल्यावर."

महमूदनं गिअर बदलला.

"तुमचं व्हिसा रिन्यूअल आहे नोव्हेंबरात," सदानंद म्हणाला. "ते मी बघतो. काळजी करू नका."

हे त्यानं मायेनं म्हटलं की व्हिसा कुणाच्या हातात आहे याची आठवण करून दिली, ते महमूदला कळेना. बहुधा सदानंदलाही कळलं नसावं. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

पूल संपला. महमूदनं ठरवलेलं सगळं आता फार लांबचं वाटत होतं. त्याऐवजी भलतंच काही तोंडात आलं, आणि आपल्या आवाजातली भूक त्याची त्यालाच लाजिरवाणी वाटली.

"कसा असतो हो आवाज? तिथं, समोर उभं राहिल्यावर?"

सदानंद त्याच्याकडे वळला.

"खूप मोठा," तो म्हणाला. मग खांदे पाडून, खालच्या आवाजात, "खरं सांगू? त्यांनी कानात घालायला बोळे दिले होते. मी ते काढलेच नाहीत. कान जातील म्हणाले."

"तीन दिवस?"

"तीन दिवस."

महमूदनं मान डोलावली. सिग्नल लाल होता. समोरून कामगारांची एक बस वळून गेली, मग दुसरी.

"तिथं कुणी विचारलं काय," तो म्हणाला, "तुमच्या वडलांचं? लाँचवर होते त्यांचं?"

सदानंदनं पुन्हा चष्मा काढला.

"नाव काय म्हणून?"

"विचारलं," सदानंद म्हणाला. "एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं. त्याचेही वडील बोटीवर होते."

"मग?"

सदानंदनं मांडीवरचे हात उलटे केले, पुन्हा सरळ केले. सात हंगाम, एक सोफा. आणि ते नाव त्याला ठाऊक नव्हतं, हे आता गाडीतल्या दोघांनाही दिसत होतं.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

"इसाक," महमूद म्हणाला. "इसाक दाऊद परकार." त्यानं क्लच सोडला. "पुन्हा कुणी विचारलं तर ठाऊक असू द्या, साहेब."

सात वर्षांत पहिल्यांदाच त्यानं सदानंदला साहेब म्हटलं होतं. जुफैर यायला अजून पाच मिनिटं होती.