ओक्पुनच्या छातीतली आग

किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या दिवशी आमच्या आळीत भांडण ठरलेलंच. पण यंदाचं भांडण औषधी निघालं.

ओक्पुनचा नवरा वारला, तेव्हा तिची धाकटी जाऊ जोम्रे चार पाहुण्यांत बोलून गेली होती, "खारट खाऊ घालून घालूनच मारलं त्येला." ओक्पुननं चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून छातीत आग पेटली ती पेटलीच. घास उतरेना, अंगावरचे कपडे लोंबायला लागले. ही काय हिवाळा काढत नाही, असं आम्हाला वाटायला लागलं.

तालुक्याच्या दवाखान्यातली नर्स मिन्जोंग तिला बघायला यायची. गुणी पोर.

"आजी, डोळे मिटा. श्वास घ्या. मनातल्या मनात त्यांना माफ करा."

"मिटलं की तिचंच थोबाड दिसतंय बाय!"

आळीचा कोबी मिठात मुरवावा तर ओक्पुननंच. यंदा तिनं मिठाला हात लावला नाही, म्हणून जोम्रेनं मुरवला. सकाळी अंगणात गारठा मी म्हणत होता. आम्ही मिरचीचा मसाला कालवून बसलेलो. ओक्पुन नुसती बघायला आली, एक पान उचलून वाकवलं, तर देठ कडकन मोडला.

"ह्यो मुरला? शेतात लावला तर परत उगवंल की!"

"मग तू का न्हाई मुरवलास, आक्का?"

"तूच म्हनलीस ना, माजं मीठ मानसं मारतं!"

मग ओक्पुनचं जे तोंड सुटलं! नवऱ्यापासून निघाली ती पार लग्नातल्या रजईपर्यंत पोचली. जोम्रेही काही कमी नव्हती, पण मधेच तिला हुंदका फुटला.

"भावजी गेलं तवा मला कुनाला तरी बोल लावायचा व्हता. तूच जवळ व्हतीस."

"मसाल्यात रडू नगंस, खारट व्हईल," ओक्पुन म्हणाली आणि बाह्या सारून देठादेठांत मीठ भरायला बसली.

संध्याकाळी कोबी मुरला. रिवाजाप्रमाणे जोम्रेनं पहिलं पान डुकराच्या मटणावर गुंडाळून ओक्पुनच्या तोंडात कोंबलं. ओक्पुननं चावून चावून गिळलं. मग जोम्रेपुढचा भाताचा वाडगा जवळ ओढला. आमच्या डोळ्यांत पाणी आलं, मिरचीचं नाव पुढं करून पुसलं.

तेवढ्यात मिन्जोंग आली. "आजी, जेवताय! माफ केलंत ना?"

"माफ? मरंस्तवर न्हाई!"

"मग आग कशानं गेली?"

"जातीय कुठं? निम्मी तिला दिली."

जोम्रेनं मान वर केली. "आन् भात माजा खाल्ला."