जिभेखालची जागा

मोठ्या बाई एकतीस वर्षं लोकांचे दात बघत आल्या होत्या. दवाखान्यात मुलगाही डॉक्टर म्हणून बसायला लागला, पेशंटांनी त्याला 'छोटे डॉक्टर' केलं आणि बाई आपोआप मोठ्या झाल्या. दातांचं माप घ्यायची त्यांची पद्धत ठरलेली होती. गुलाबी लगदा कालवून ट्रेमध्ये भरायच्या आधी, कुठला ट्रे बसेल हे बघायला त्या हिरड्यांवरून, गालाच्या आतून, जिभेखालून एकदा बोट फिरवून घ्यायच्या. त्यात दहा सेकंदही जात नसत.

गेल्या वर्षी मुलाने स्कॅनर आणला. जाडसर दांडा दातांवरून फिरवायचा, की पडद्यावर दात उमटत जायचे. बाईंनी नाक मुरडलं नाही. उलट त्यांना हायसं वाटलं, कारण अंगठ्याचे सांधे धरले होते आणि लगदा घोटताना कळ यायची.

त्याच सुमारास त्यांचा धाकटा भाऊ डावीकडच्या खालच्या पडलेल्या दाढेच्या जागी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दाढांना जोडलेला पक्का दात, बसवायला आला. हा कोर्टात पुकारा करणारा शिपाई, आता निवृत्त झालेला. आवाज असा, की दोन मजले खाली चहा पीत बसलेला साक्षीदार कप टाकून धावत यायचा. तोंड मात्र नाजूक. ट्रे नुसता दिसला तरी त्याला उमासे येत.

"ताई, तुझा तो चिखल माझ्या तोंडात नको हं. मागच्या वेळी पार जीव गेला होता माझा."

"बरं बाबा. भाच्याकडे बस. तो मशीनने घेईल."

बाई शेजारच्या खुर्चीत एकाची दाढ काढत होत्या. इकडे चार मिनिटांत माप झालंसुद्धा. भाऊ उठला, "हे बेस्ट आहे!" म्हणाला आणि बहिणीच्या पाठीवर थाप मारून गेला. पुढच्या आठवड्यात ब्रिज आला आणि पहिल्याच झटक्यात चपखल बसला.

चार महिन्यांनी तो परत आला. ब्रिज जिभेला टोचतोय म्हणाला. मुलाने कडा न् कडा तपासली.

"मामा, टोचण्यासारखं काहीच नाहीये."

"मग काय मी उगाच आलोय?"

बाई पलीकडून उठून आल्या. "बघू, जीभ वर कर." त्यांनी बोट आत घातलं. डावीकडे, अगदी मागे, जिभेच्या मुळाशी वाटाण्याएवढं काहीतरी कडक लागलं. बोट तिथेच थांबलं.

"इथे दुखतं?"

भावाने मान हलवली. नाही.

बाईंनी हातमोजा काढला आणि मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला बसल्या. भाऊ चेष्टा करत होता, "काय गं, फाशीची शिक्षा लिहितेस की काय?" त्यांना मान वर करवेना.

आठ दिवसांत रिपोर्ट आला. कॅन्सर. जिभेचा डावा भाग आणि ब्रिजसकट जबड्याचा तुकडा काढावा लागणार होता.

त्या संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर बाई मुलाला म्हणाल्या, "मामाचं स्कॅन लाव. मला जीभ बघायचीय."

मुलाने पडद्यावर दात आणले. स्वच्छ, एकेक वेगळा दिसणारा. "आई, यात जीभ नसते. जीभ, गाल मध्ये आले तर मशीन ते आपोआप पुसून टाकतं. कचरा समजून."

"कचरा?"

"तुझ्या लगद्याच्या साच्यातसुद्धा जीभ कुठे असते?"

"साच्यात नसते. पण साच्याच्या आधी माझं बोट असतं."

मुलगा पडद्याकडेच बघत राहिला. "मग सरळ म्हण ना, माझं चुकलं. कॉलेजात शिकवलं होतं आम्हाला, आधी सगळं तोंड तपासायचं. मशीन आल्यापासून मीच सोडून दिलं."

"आणि मी शेजारी उभी होते. सख्खा भाऊ माझा. मी वळूनही पाहिलं नाही."

गाठ माप घेतलं तेव्हा होती की नंतर आली, हे सांगता येणार नाही, असं सर्जन म्हणाले होते. मुलाचं म्हणणं होतं, मग मामाला कशाला सांगायचं? बाईंनी दोन दिवस विचार केला. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्या हॉस्पिटलात गेल्या. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे चार महिने होती?" भावाने विचारलं.

"माहीत नाही. असेलही. मी नेहमीसारखं बोट फिरवलं असतं, तर कदाचित लागली असती."

वहिनीच्या हातातली घडी विस्कटली. "वन्सं, हे आत्ता सांगायची काय गरज होती?"

भाऊ म्हणाला, "चिखल नको, असं मीच म्हटलं होतं."

"बोट नको, असं नव्हतं म्हटलंस."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. बाई थोडा वेळ बसून राहिल्या, मग निघून आल्या.

भाऊ वाचला. पण सात महिने त्याने बहिणीचं तोंड पाहिलं नाही. फोन वहिनीच उचलायची आणि "झोपलेत" म्हणायची. बाई तरीही दर रविवारी फोन करायच्या. दवाखान्यात आता स्कॅनरला हात लावायच्या आधी सगळं तोंड तपासलं जायचं, पण त्या नव्या नियमाने त्यांच्या जिवाला काही स्वस्थता आली नव्हती.

एका सकाळी वहिनी भावाला घेऊन आली. नवे दात करायचे होते. तो बहिणीकडे न बघता भाच्याच्या खुर्चीत बसला. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं, ट्रे जाणं शक्यच नव्हतं. मुलाने आधी हातमोजा चढवला आणि एक बोट सावकाश सगळीकडे फिरवलं. उरलेल्या जिभेखाली ते जास्त वेळ थांबलं. "काही नाही, मामा," तो म्हणाला.

बाई खुर्चीच्या उशाशी उभ्या होत्या. भाऊ काहीतरी बोलला. शब्द लगद्यासारखे एकमेकांत कालवलेले. बाईंना कळलं नाही. "काय रे?" त्या वाकल्या. तो पुन्हा बोलला. तिसऱ्यांदा बोलताना त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"ते म्हणताहेत," वहिनी म्हणाली, "तिथून सरक, ताई. उजेड अडतोय."

बाई बाजूला झाल्या.